एका श्वासाचा डोळा

पेणजवळच्या जोह्यात कोणत्याही गल्लीत शिरा, गणपती वाटेत आडवे येतात. ओट्यावर गणपती, पडवीत गणपती, जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं वाळत ठेवलेले उंदीर. पाहुणा आला तर आधी दोनचार सोंडा जपून बाजूला सरकवायच्या, मग त्याला म्हणायचं, "बसा." अशा गावात माणसाचं नाव त्याच्या हातावरून व्हावं यात नवल नाही. महिपतीचं नाव मात्र झालं ते त्याच्या दमावरून.

महिपती आखणी करतो. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. साच्यातून काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, रंगाची गन मारणारे वेगळे. पण डोळे काढायला आख्ख्या कारखान्यात एखाददुसराच हात असतो, आणि सुजयच्या कारखान्यात तो हात महिपतीचा. सुजय त्याचा पुतण्या. कारखाना पुतण्याचा, पण आखणीच्या दिवशी हुकूम काकाचा. पंखा बंद. रेडिओ बंद. मोबाइल बाहेरच्या माठावर. एवढंच नाही, शेजारच्या धोंडुबाईच्या घरी निरोप जायचा की दुपारपर्यंत मिरची फोडणीला घालायची नाही. कारण एकदा काय झालं, महिपती पाच फुटी मूर्तीच्या डाव्या डोळ्यात होता आणि भिंतीपलीकडे धोंडुबाईनं सुकटीला फोडणी दिली. कारखान्यातली बायजाबाई शिंकली, तिच्यामागून सुजय शिंकला, आणि महिपतीनं शिंक अडवली ती अशी, की पुढे दोन दिवस त्याचा कान वाजत होता. पण रेघ हलली नाही. तेव्हापासून त्या गल्लीत आखणीच्या दिवशी सगळ्यांच्या घरी दुपारी बिनफोडणीचं जेवण. कोणी कुरकुरत नाही. देवाचे डोळे उघडतायत, म्हणतात, जीभ एक दिवस सोसेल.

त्याची रीत ठरलेली. ब्रशचं टोक ओठांनी नव्हे, वाटीच्या काठावर काढायचं. छाती भरून श्वास घ्यायचा, त्यातला थोडा सोडायचा, उरलेला आत अडवायचा. मग वरच्या पापणीची रेघ, खालची रेघ, बुबुळाची गोल कड, सगळं त्या एका अडवलेल्या श्वासात. एका श्वासात एक डोळा. मधेच श्वास घेतला तर खांदा उचलतो, खांद्यामागून मनगट उचलतं आणि रेघेला बारीकशी गाठ पडते. ही गाठ गिऱ्हाइकाला दिसत नाही. महिपतीला ती झोपेत दिसते.

हा दम त्यानं कमावला कुठे, तर कबड्डीत. तरुणपणी गावच्या संघात तो चढाई करायचा. समोरच्या अंगणात शिरला की "कबड्डी कबड्डी" असं काही लांबवायचा, की पंच कान पुढे करून ऐकत राहायचे, हा आता तरी तुटतोय का म्हणून. एका सामन्यात चार जण अंगावर घेऊन सरपटत रेषेपर्यंत आला तरी तोंड चालूच. पलीकडच्या गावातला एक म्हातारा म्हणाला होता, "ह्याला फुप्फुसं नायत, ह्याला लोहाराचे भाते हायत." लग्नात सरूच्या माहेरच्यांनीही हीच गोष्ट आधी विचारली, तो भातेवाला तोच का म्हणून.

त्या भात्यांना पौषात खोकला लागला.

खोकल्याचं जोह्यात कोणाला काय? घासकामाची पांढरी धूळ, गनचा उडालेला रंग, सगळे खोकतात. आणि कारखान्यातल्या लोकांची एक गंमत असते, ती बाहेरच्याला सांगून पटत नाही. ज्या दिवशी जो रंग मारला, तो संध्याकाळी थुंकीत येतो. अंगाचा रंग मारला की गुलाबी, शेल्याचा मारला की हिरवा, आणि दागिन्यांचा दिवस असला तर रुमालात सोनं. मोरीशी सगळे हातपाय धुवायला जमले की थट्टा चालायची. बायजाबाई घासकाम करायची, तिची जीभ पॉलिशपेपरपेक्षा खरखरीत. ती एकेकाच्या थुंकीकडे बघून म्हणायची, "ह्याचा आज मोर झाला." "ह्या मेल्याचा पोपट."

परदेशी जाणारे गणपती बोटीनं जातात, म्हणून ते आधी तयार करायचे. त्या दिवसांत लाल पितांबरांची मोठी खेप चालली होती. महिपतीला थुंकीत लाल दिसलं. त्यानं पाणी ओतलं आणि म्हणाला, "आज माझापण पितांबर झाला." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी लाल. पितांबरच चालले होते, लाल नाही तर काय येणार? रात्री घाम येऊन उशी भिजायची, संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, लेंग्याची नाडी आवळून आवळून बांधायला लागत होती. सरू म्हणायची, "अवो, दाखवून या." हा म्हणायचा, "खेप जाऊ दे गो, मग दाखवतो."

खेपेतले पितांबर संपले. शेल्यांना निळा सुरू झाला. त्या संध्याकाळी मोरीशी सगळ्यांच्या थुंकीत आभाळ उतरलं होतं. सुजय निळा, गनवाला निळा, बायजाबाईच्या नाकपुड्यासुद्धा निळ्या. महिपती खोकला, वाकला, थुंकला.

बायजाबाईनं तोंड उघडलं ते थट्टा करायलाच. पण तिनं मोरीत वाकून नीट पाहिलं. मग हळू म्हणाली, "म्हैपतदादा, आज आपण निळा मारला ना?"

"व्हय."

"मग तुझं लाल कशानं?"



पेणच्या सरकारी दवाखान्यात सुजय त्याला गाडीवर मागे बसवून घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला मोकळी. छातीचा फोटो काढला, झाकणाच्या डबीत थुंकी मागितली. फोटो उजेडावर लावला तेव्हा महिपती भीती विसरून खुर्चीतून उठला. आयुष्य गेलं आकार बघण्यात. सोंड कुठे वळते, पोट कुठे सुटतं, बोट कुठे दुमडतं हे बोटांना पाठ. आणि हा आकार इतकी वर्षं बरोबर वागवला, एकदाही पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंना काळसर झोळ्या, वर निमुळत्या, खाली पसरट. डावीकडे काळजाला बसायला जागा सोडून थोडी आखडून घेतलेली.

"हे माझ्यातलं?"

"तुमच्यातलंच, बाबा."

"ही डावी बाजू लहान का केली?"

"हृदयाला जागा नको?"

"वा," महिपती म्हणाला, जणू दुसऱ्या कारागिराचं काम बघत होता. "वा! सोय बघून केलंय."

मग डॉक्टरीणबाईनं पेनानं उजवीकडे वरचा भाग दाखवला. तिथे धुरकट ढग होता आणि ढगात एक पोकळी. ती म्हणाली, टीबी वाटतोय, थुंकीतून पक्कं होईल. सुजयचा चेहरा पडला. महिपतीनं मात्र एकच विचारलं, "श्वास धरता येईल ना मला? आखणीला?"

तिला आखणी माहीत नव्हती. सुजयनं समजावलं. तिनं पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "रोग बरा होतो. औषध मधे सोडायचं नाही. श्वासाचं आपण औषधं संपल्यावर बघू."

या एका "बघू"वर महिपतीचे पुढचे सगळे महिने टांगले गेले. रोगाचं त्याला इतकं वाटेना. आखणी गेली तर महिपतीचं उरतं काय?

थुंकी तपासणारा कृष्णा नावाचा माणूस होता, रोह्याकडचा. डबी द्यायला गेलेला महिपती त्याच्या खिडकीशी थबकला, कारण कृष्णाची बोटं टोकाला लालगुलाबी होती.

"तुम्हीपण रंगवाले?" तोंडावरची पट्टी सावरत महिपतीनं विचारलं.

कृष्णा हसला. "व्हय तर. तुम्ही देव रंगवता, मी जंतू रंगवतो. न रंगवता दिसतच नाय तो."

तो बोलका निघाला. काचेवर थुंकीचा पातळ हात द्यायचा, वाळवायचा, त्यावर लाल रंग ओतायचा आणि खालून शेकायचं. शेकलं की रंग आत शिरतो. मग आम्लानं धुवायचं. "बाकी सगळ्यांचा लाल उतरतो, बाबा. ह्या एकट्याचा नाय. ह्याच्या अंगावर मेणासारखं कवच असतं, आत गेलेला रंग ते बाहेर सोडत नाय. मागून निळा मारतो. मग निळ्यावर तेवढाच लाल दिसतो."

"निळ्यावर लाल," महिपती पुटपुटला. मोरीपाशी बायजाबाईनं पकडलं होतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला तेव्हा कृष्णानं काच सूक्ष्मदर्शकाखाली लावलेली होती. "बघायचाय तुमचा पाहुणा? नुसता डोळा लावा, हात लावू नका."

महिपतीनं नळीला डोळा लावला. आधी नुसती धुसर निळाई. मग कृष्णानं चाक किंचित फिरवलं आणि त्या निळाईतून बारीक लाल काड्या वर आल्या. कुठे एकटी, कुठे दोघी एकमेकींना टेकलेल्या, काही किंचित वाकलेल्या. पापणीची रेघ काढताना ब्रशचं टोक चुकून टेकावं आणि उचलावं, तितक्या नाजूक. दोन केसांच्या ब्रशनंही अशी रेघ काढता येणार नाही. हे कोणी काढलं? आणि एवढ्याशा या काडीनं लोहाराचे भाते बंद पाडायला घेतले?

"किती मोठं करून दिसतंय हे?"

"हजारपट."

महिपती डोळा काढीचना. मागे रांग खोळंबली होती. शेवटी कृष्णानं खांद्याला हात लावला, "बाबा, सोडा आता. तो कुठं जात नाय. औषधानं घालवायला लागंल."

घरच्या सगळ्यांची, कारखान्यातल्या सगळ्यांची तपासणी झाली. कोणालाच रोग निघाला नाही. महिपतीचं अंथरूण पडवीत गेलं, जिथे दोन्हीकडून वारा खेळतो. तोंडाला पट्टी, खोकताना रुमाल. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, औषध लागू पडलं की थोड्या आठवड्यांत तो दुसऱ्याला द्यायचा थांबतो, तोपर्यंत मोकळी हवा हेच कुंपण. सरू रोज सकाळी गोळ्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची, जशी सासू तिच्यासमोर उभी राहायची बाळंतपणात काढा घेताना. "गो, गिळल्या म्हणतो ना." "तोंड उघडा." तो तोंड उघडून दाखवायचा.

गोळ्यांच्या पहिल्याच दिवशी तो मोरीतून ओरडत बाहेर आला. "सरू! आता खालूनपण पितांबर!"

सरूच्या हातातली परात पडली. डॉक्टरीणबाईनं हे आधी सांगितलेलं होतं, की एका गोळीनं लघवी केशरी होते, घाबरू नका. पण त्या दिवशी हा फोटोतल्या झोळ्यांत इतका बुडाला होता की ऐकलंच नव्हतं. सुजयनं फोनवरून विचारून खुलासा केला. बायजाबाई अंगणात लांब उभी राहून हसून हसून वाकली. "पंप बसवलाय याच्यात. सुजय, गनचा कॉम्प्रेसर विकून टाक तू."

शिल्पा, महिपतीची लेक, रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नवरा धाटावला कंपनीत शिफ्टला. दर रविवारी ती एसटीनं यायची, पडवीत वाऱ्याच्या बाजूला बसायची, आणि महिपती तिला विचारून विचारून दमवायचा. शाळेत असताना तुम्ही असं लक्ष दिलं असतं तर मास्तर झाला असता, असं ती म्हणायची.

"मला एक सांग," तो म्हणायचा, "आत जाताना त्याला कोणी अडवलं कसं नाय?"

"अडवतात की, बाबा. नाकात केस. मग चिकट ओल, धूळ तिला चिकटते. श्वासनळीत आतून बारीक बारीक केसांसारखं असतं, दिसत नाही इतकं. ते सारखं वर लोटतं. शेतात वारा सुटल्यावर भात लवतो ना, तसं. लाटेनं. रात्रंदिवस. आपल्याला कळतसुद्धा नाही."

"म्हणजे आमच्या थुंकीत रंग यायचा तो..."

"त्यांनीच वर लोटून आणलेला. झाडू मारून."

महिपतीनं छातीवर हात ठेवला. चाळीस वर्षं मोरीशी थट्टा केली, पोपट म्हणाले, मोर म्हणाले. आणि आत कोणीतरी न सांगता रोज कारखाना झाडून घेत होतं.

"आणि मी वर विडी ओढायचो."

"विडीनं तो झाडूच लुळा पडतो."

"मग हा आत उतरला."

"हा इतका हलका, की झाडूला चुकवून थेट तळाशी उतरतो. तळाशी फुगे असतात, बाबा. द्राक्षाच्या घडासारखे, पण डोळ्याला न दिसणारे. कोट्यवधी. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की हवा पलीकडच्या रक्तात झिरपते. ते सगळे फुगे उलगडून जमिनीवर अंथरले ना, तर जवळजवळ अर्धं कबड्डीचं मैदान भरेल."

महिपती टकामका बघत राहिला. "कोणाच्या?"

"तुमच्या. माझ्या. बायजाबाईच्या."

"अर्धं मैदान? इथं?" त्यानं आपल्या हाडकुळ्या छातीवर टिचकी मारली. "घडी घालून?"

"घडी घालून."

त्या दिवशी जो भेटेल त्याला तो अंगणाच्या टोकापासून पेरूच्या झाडापर्यंत हात करून दाखवत होता, की एवढं माझ्या आत आहे. दूधवाल्याला सांगितलं. धोंडुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तरी धाप लागते?"

धाप लागत होती, हेच दुखणं होतं. शिल्पानं पुढचंही सांगितलं होतं. तळाशी राखणदार असतात, ते जंतूला गिळतात. बहुतेकांना पचवून टाकतात. पण हा मेणाच्या कवचाचा, पोटात जाऊनही पचत नाही. मग बाकीचे राखणदार धावतात, त्या गिळलेल्याच्या भोवती कोंडाळं करतात, रिंगणच घालतात, आणि त्याला आतच डांबून ठेवतात. कित्येकांच्या अंगात तो असा वर्षानुवर्षं डांबलेला असतो, माणूस मरेपर्यंत कळत नाही. कधी वय होतं, कधी खाणं कमी पडतं, कधी धुरानं धुळीनं जागा कमजोर होते, आणि कडं फुटतं.

"तुमचं नक्की कशानं फुटलं ते कोणी सांगू शकणार नाही."

"म्हणजे तो लहानपणापासूनही असेल? मी चढाया करत होतो तेव्हापण?"

"असेलही."

"आणि इतकी वर्षं ती माणसं हातात हात धरून उभी होती." त्यानं चष्मा काढून पुसला. "चार जणांनी मला धरलं होतं, तर मी सुटलो. आणि ह्यांनी... इतकी वर्षं!"

चैत्र गेला, वैशाख गेला. घाम थांबला, भूक लागली, नाडी पुन्हा सैल बांधायला लागली. थुंकी तपासली, तिच्यात लाल काडी नव्हती. महिपती पुन्हा माणसांत बसायला लागला. कारखान्यात सुजयनं बाहेर हवा फेकणारा मोठा पंखा बसवला, गनवाल्याला नाकावर चढवायची जाड पट्टी आणली, विडी बंद. बायजाबाईनं पट्टी लावली आणि पट्टीतूनच बोलत राहिली, आवाज तेवढा घागरीतून आल्यासारखा.

महिपती रोज पडवीत बसून सराव करायचा. लाकडी फळीवर पाण्याचा ब्रश. श्वास घ्यायचा, अडवायचा, पापणी काढायची. आणि अर्ध्यातच छातीत काहीतरी उसळायचं, खोकला यायचा, रेघ फळीबाहेर. पुन्हा. पुन्हा. पाण्याचे डोळे फळीवर उमटायचे आणि वाळून जायचे, एकही पुरा नाही.

"आत कोणीतरी बसलाय," तो शिल्पाला म्हणाला, "माझं ऐकत नाय."

"तो मेंदूच्या बुडाशी बसलाय. रक्तात वापरलेली हवा साठली की तो ओढतो, श्वास घे म्हणून. त्याच्यावर आपला हुकूम थोडाच वेळ चालतो."

"पूर्वी माझा हुकूम पुष्कळ चालायचा."

औषधं संपली. नवा फोटो उजेडावर लागला. ढग विरला होता. पण पोकळीच्या जागी पांढरी, आवळलेली रेघ होती, जखम शिवल्यासारखी. डॉक्टरीणबाई खुशीत होती. "बाबा, रोग गेला." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला आठवलं. "हा व्रण राहणार. तेवढा भाग पूर्वीसारखा फुगणार नाही. चालाल, फिराल, काम कराल. पण तुमचं ते श्वास अडवून धरणं... त्याचा हट्ट करू नका. तेवढ्यानंच खोकला उठतोय."

परतीच्या वाटेवर सुजय गाडी चालवत होता, मागे महिपती. हमरापूरच्या वळणावर तो म्हणाला, "ह्या वर्षी घरचा गणपती तू आख."

सुजयनं गाडी बाजूला घेतली. "काका, बाकी सगळे काढतो मी. मागची खेप मीच काढली. पण घरचा नाय. घरच्या गणपतीला आजपर्यंत तुमच्याशिवाय कोणी डोळे दिलेत का?"

"मग काय आंधळा बसवायचा?"

सुजयनं गाडी पुन्हा चालू केली.

आषाढात शिल्पानं त्याला रोह्याला नेलं. तिला मुलांना श्वसन शिकवायचं होतं आणि महिपतीनं तिच्यासाठी शाडूची फुप्फुसं केली होती, जोडीची, डावी लहान, काळजाला जागा सोडून. वरच्या बाजूला उजवीकडे त्यानं स्वतःचा व्रणही कोरला होता, कोणी न सांगता. पोरांनी त्या व्रणावरच बोट ठेवलं. "हे काय?" "ते माझं," महिपती म्हणाला, आणि मग मोरीवरच्या पोपटापासून लाल काडीपर्यंत सगळं सांगितलं. पोरं हसली, मग प्रत्येकानं आपापल्या छातीवर हात ठेवला.

मग शिल्पानं प्लॅस्टिकची तळ कापलेली बाटली काढली. आत दोन फुगे, तळाला ताणून बांधलेला रबर. रबर खाली ओढला, फुगे भरले. "हा श्वास घेणं. यात जोर लागतो, छातीखालचा पडदा ताणावा लागतो. आता बघा." तिनं रबर नुसता सोडला. फुगे आपोआप रिकामे झाले, सावकाश. "श्वास सोडायला काही करावं लागत नाही. ताणलेलं ढिलं होतं, बस."

महिपती पुढे वाकून बघत होता. "पुन्हा कर." तिनं पुन्हा केलं. "सोडताना हळू सोड." तिनं हळू सोडलं. फुगे हळू उतरले, एका संथ चालीनं, न थरथरता.

आणि त्याच वेळी खिडकीबाहेर मैदानावर दुसरा वर्ग सुटला आणि एक पोरगी चढाईला निघाली. "कबड्डी कबड्डी कबड्डी..."

महिपती ताडकन उठला. हाताला चाळा म्हणून घेतलेला शाडूचा गोळा मांडीवरून खाली पडला.

"बाबा, काय झालं?"

"ती श्वास कुठं धरतेय?" तो खिडकीकडे बोट करत म्हणाला. "चढाईत मी तरी कधी धरला होता? सोडतच तर होतो! जपून जपून सोडत होतो!" आणि भर वर्गात तो असा हसायला लागला, की पोरं त्याच्याबरोबर हसली, का ते न कळता.

घरच्या गणपतीच्या आखणीला श्रावणातली सकाळ धरली. पंखा बंद, रेडिओ बंद. धोंडुबाईनं स्वतः येऊन सांगितलं, "आज वरणभात. फोडणी नाय." सरू दारात उभी, शिल्पा सुट्टी काढून आलेली, सुजय हातात दुसरा ब्रश घेऊन मागे, लागला तर असावा म्हणून. गणपती मांडीवर हात ठेवून बसलेला, अंगावर रंग, पितांबर लाल, आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी कोऱ्या पांढऱ्या खोबणी.

महिपतीनं वाटीच्या काठावर टोक काढलं. छाती भरून घेतली, व्रणाला ओढ बसेपर्यंत. आणि अडवली नाही. ब्रश टेकला, आणि टेकल्याबरोबर त्यानं श्वास जाऊ दिला, ओठांच्या फटीतून, अगदी धाग्यासारखा. त्याबरोबर ओठ हलत होते.

"मंत्र म्हणतायत," गनवाला कुजबुजला आणि त्यानं हात जोडले.

बायजाबाईनंही हात जोडले. पण तिला राहवेना. ती पुढे पुढे सरकली, पदर सावरून, कान त्याच्या पाठीमागे नेला. आणि तिचे डोळे मोठे झाले.

"कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." अगदी दबक्या आवाजात, न तुटता, महिपती म्हणत होता, आणि श्वासाबरोबर वरची पापणी कानाकडे वाहत गेली, वळली, खालची रेघ परत आली, बुबुळाची कड गोल फिरून स्वतःला मिळाली. मग ब्रश उठला. तेव्हाच आवाज थांबला.

सगळे पुढे वाकले. डोळा होता. पूर्वीच्या डोळ्यांसारखा ताठ, रोखून पाहणारा नव्हता. कुठेतरी दुरून येऊन नुकतंच टेकल्यासारखा, पापणी किंचित सैल. गाठ कुठेच नव्हती. सुजयनं हातातला ब्रश खाली ठेवला.

बायजाबाई पट्टीच्या आतून म्हणाली, "अरे मेल्या, देवाच्या अंगणात चढाई केलीस?"

"आणि रेषेला हात लावून आलो," महिपती म्हणाला. "अजून एक हाय. गप उभी राहा."

त्यानं पुन्हा श्वास घेतला. आत घडी घालून ठेवलेलं ते अर्धं मैदान, एका कोपऱ्यात शिवलेलं, सगळीकडून हवेनं भरत गेलेलं त्याला जाणवलं, आणि त्यानं दुसऱ्या डोळ्यावर ब्रश टेकला.